आधी डिस्क बघू

जळगावच्या गोलाणी मार्केटात लॅपटॉप काखेत मारून शिरलेल्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "भाऊ, फॉर्मॅट मारून द्या." लॅपटॉप रेंगाळतो, फॉर्मॅट मारून द्या. मधेच बंद पडतो, फॉर्मॅट मारून द्या. कपाटावरून पडला तेव्हापासून किरकिरतो, तरीही फॉर्मॅटच मारून द्या. बिजागरी तुटलेला लॅपटॉप सुतळीने बांधून आणणाऱ्या एका गृहस्थांनीही फॉर्मॅटच मागितला होता. सुतळीबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. मागणी इतकी पक्की असल्यावर पुरवठा कशाला कमी पडतो? पेनड्राइव्ह खोचायचा, तीन-चारदा नेक्स्ट दाबायचं, तासाभरात कोरंकरकरीत विंडोज आणि वर फुकटातला अँटिव्हायरस. गिऱ्हाईक खूष, दुकानदार मोकळा.

पण याच मार्केटात, आणि धुळ्यात आग्रा रोडच्या आतल्या गल्ल्यांतही, एक माणूस असा बसलेला असतो की हे वाक्य कानावर पडलं की तो लॅपटॉपऐवजी तुमच्याकडे बघतो. कपाळावरचा चष्मा नाकावर आणतो आणि म्हणतो, "मारू ना भो. आधी डिस्क बघू."

याला आपण आधीबघू म्हणू. पन्नाशीचा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेनाच्या जागी बारीक स्क्रूड्रायव्हर. आयटीआयला रेडिओ-टीव्ही शिकला, केबलवाल्यांचे बूस्टर दुरुस्त केले. 2001 साली एमएस-सीआयटी निघाली, गल्लोगल्ली क्लास उघडले, आणि क्लासातले बिघडलेले कॉम्प्युटर उघडता उघडता या धंद्यात आला. दुकानाच्या पाटीवर 'टीव्ही' हा शब्द नव्या रंगाखालून अजून डोकावतो. आत बसायला एकच स्टूल, त्यावरही कुणाचा तरी प्रिंटर.

लॅपटॉप हातात घेण्याआधी त्याची उलटतपासणी सुरू होते.

"पडला होता का?"

"नाही."

"कधीच नाही?"

"नाही म्हणजे, दिवाळीत पोराच्या हातून. पण गादीवर!"

"गादीवर, का गादीवरून?"

"गादीवरून."

"खाली काय होतं?"

"फरशी."

आधीबघू काही बोलत नाही. मग विचारतो, लाईट गेली तेव्हा चालू होता का, बॅटरी किती टिकते, मे महिन्यात कुठे ठेवून वापरता. शेवटच्या प्रश्नावर खान्देशी माणूस हमखास पकडला जातो. बाहेर पारा पंचेचाळिशी ओलांडतोय, पंखा गरम हवा फेकतोय आणि हे गोधडीवर लॅपटॉप ठेवून सिनेमा बघताहेत. हवा जायची जाळी गोधडीत रुतलेली. "बहुतेक लॅपटॉपच्या डिस्कला कंपनी 60 अंशांपर्यंत मुभा देते," आधीबघू सांगतो, "पण कंपनीवाले मे महिन्यात भुसावळला येऊन गेलेले नसतात."

मग तो लॅपटॉप चालू करतो आणि जिथे आपण मनगट टेकवतो तिथे कान टेकवतो. दुकानात कुणाचा मोबाइल वाजला तर हात वर करून थांबवतो. टक्, मग जरा थांबून पुन्हा टक्. "हेड जागा शोधतंय, सापडत नाही," तो पुटपुटतो आणि तिथून पुढे त्याचं व्याख्यान लागतं. तबकडी मिनिटाला 5400 फेरे मारते, म्हणजे सेकंदाला 90. तिच्यावरून हेड तरंगतं, मधली फट काही नॅनोमीटरची. डोक्यावरचा केस त्या फटीच्या हजारो पट जाड. "आणि तुम्ही हे चालूच ठेवून मिटता, बॅगेत कोंबता आणि मोटरसायकलवर पाळधी, एरंडोल, पारोळा करत धुळ्याला नेता!" गिऱ्हाईक मान खाली घालतं. त्याला उभारी यावी म्हणून आधीबघू 1956 मध्ये शिरतो. आयबीएमची पहिली हार्ड डिस्क, 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या, फ्रीजपेक्षा मोठं धूड, आणि त्यात मावायची फक्त 50 लाख अक्षरं. "तुमच्या पोराचा मोबाइलमधला एक फोटोसुद्धा कोंबून बसवावा लागला असता." गिऱ्हाइकाला यातून काय दिलासा मिळतो, ते मला अजून उमगलेलं नाही.

यानंतर खरी तपासणी. डिस्क स्वतःच्या दुखण्यांची वही स्वतःच ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात, आणि ती वाचणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. क्रिस्टलडिस्कइन्फो निळा, पिवळा, लाल असा रंग दाखवतं. हार्ड डिस्क सेंटिनेल टक्के दाखवतं, आणि आधीबघूच्या मते टक्के दाखवणं ही घोडचूक आहे. कारण पडद्यावर 'हेल्थ 41 टक्के' आलं की समोरचा सुटकेचा निःश्वास टाकतो. "म्हणजे पास ना भाऊ?"

टक्के सोडा, खाली बघा, असं म्हणून तो दोन ओळींवर बोट ठेवतो. डिस्कवर थोडी जागा राखीव असते. एखादा सेक्टर खराब झाला की डिस्क त्याचं काम गुपचूप राखीव जागेवर हलवते आणि वहीत मांडते. ही झाली रीअलोकेटेडची ओळ. दुसरी पेंडिंग. वाचताना अडलेला, पण निकाल न लागलेला सेक्टर. (हा शब्द कुणालाच समजावून सांगावा लागत नाही, तहसील कचेरीत सगळ्यांचं जाणं-येणं असतं.) पेंडिंगवर नव्याने काही लिहिलं की मगच निकाल लागतो. लिहिणं जमलं तर सुटला, नाही जमलं तर त्याच्या नावे राखीव जागा.

फॉर्मॅटची कीर्ती वाढली ती इथेच. झटपट फॉर्मॅट डिस्क तपासतच नाही, फक्त कुठे काय ठेवलंय त्याची यादी कोरी करतो. पूर्ण फॉर्मॅट, विंडोज व्हिस्टापासून पुढे, सगळीकडे शून्यं लिहीत सुटतो. त्या रेट्यात पेंडिंगवाल्यांचे निकाल लागून जातात, लॅपटॉप पंधरा दिवस पळतो आणि गिऱ्हाईक गावभर सांगतं की फॉर्मॅट मारल्यावर नव्यासारखा झाला. सोळाव्या दिवशी पुन्हा टक्. मग पुन्हा फॉर्मॅट. मार्केटातली निम्मी दुकानं या सोळाव्या दिवसावर चालतात, असं आधीबघूचं म्हणणं आहे. शेजारच्या दुकानदाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो ते म्हणतो.

"यात महत्त्वाचं काही आहे का?" हा पुढचा प्रश्न.

"छे हो! काही नाही. उडवा बिनधास्त."

आधीबघू उडवत नाही, हात बांधून बसतो. थोड्या वेळाने गिऱ्हाईक म्हणतं, "म्हणजे मुलीच्या लग्नाचे फोटो आहेत." आणखी थोड्या वेळाने, "आणि टॅली." मग शेताच्या सातबाऱ्यांचं स्कॅन निघतं, मेहुण्याचा विद्यापीठात द्यायचा प्रबंध निघतो. हे सारं डोळ्यांपुढून गेलं की रंग उडालेला चेहरा पुन्हा उजळतो. "पण ते सगळं डी मध्ये आहे!"

डी ड्राइव्हवर खान्देशाची जी श्रद्धा आहे ती फार थोड्या गोष्टींवर असेल. सी जातो, डी राहतो, हे लोक क्लासात शिकले ते कायमचं. सी आणि डी ही भावकीची वाटणी आहे, अंगणात भिंत घातली तरी घराचा पाया एकच, हे आधीबघूला रोज नव्याने सांगावं लागतं. शिवाय टॅलीचा डेटा बहुतेक वेळा सी मध्येच बसलेला असतो, हे सांगितलं की व्यापारी स्टुलावरचा प्रिंटर स्वतःच उचलून खाली ठेवतो आणि बसतो. फॉन्टची गोष्ट तर त्याहून वाईट. जुन्या श्रीलिपीत नाहीतर कृतिदेवमध्ये वर्षानुवर्षं लग्नपत्रिका जुळवणारा छापखानेवाला नवं विंडोज घालून घेतो, फाइल उघडतो, आणि 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. "माझी मराठी गेली!" म्हणत तो जिना चढून येतो. म्हणून आधीबघू कुणाचीही डिस्क असो, फॉन्टचं फोल्डर आधी बाहेर काढून ठेवतो, मालकाला इंग्रजीसुद्धा लिहायचं नसलं तरी.

धुळ्याचा आधीबघू याच कुळीतला, पण कमी बोलतो. जळगावचा आलेख दाखवतो, रंग दाखवतो, धुळ्याचा काहीच दाखवत नाही. कान लावतो, चहाचा घोट घेतो आणि अहिराणीत निकाल देतो, "मरी गयी." आपण विचारायचं, "मग आता?" तर म्हणतो, "बठ. विंडोज परत भेटी जाई, फोटो भेटाव नईत." हे गाव इतिहासाचार्य राजवाड्यांचं. वाड्यांच्या माळ्यांवर कसर लागलेली दप्तरं गावोगाव हिंडून गोळा करणारा तो माणूस 31 डिसेंबर 1926 ला इथेच वारला. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे आहे, आणि रामदासी बाडं सांभाळणारं समर्थ वाग्देवता मंदिरही इथेच. गल्लीतल्या उस्तादाने राजवाडे वाचले असतील असं नाही, पण खोड तीच. वाडा पडतोय का उभा राहतोय ते मागाहून बघू, आधी कागद बाहेर काढा.

कागद काढायची पद्धतही बघण्यासारखी. लॅपटॉप पालथा पडतो, स्क्रू पेढ्याच्या डब्याच्या झाकणात जातात, डिस्क निघते आणि यूएसबीच्या वायरीने त्याच्या जुन्या डेस्कटॉपला लागते. तिथे विंडोज नाही, पेनड्राइव्हवरचं लिनक्स. डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर सहज वाचता येतं ते आधी उचलतं, अडलेल्या जागा शेवटी पुन्हा पुन्हा खणतं. बाकीचे दुकानदार इथे थेट चेकडिस्क चालवतात आणि इथे मी ठामपणे आधीबघूच्या बाजूने आहे. चेकडिस्क स्लॅश आर डिस्कचा कोपरान् कोपरा वाचून काढतं, मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तेवढा प्रवास झेपत नाही. शिवाय चेकडिस्क दुरुस्त करतं ती फाइलींची यादी. तबकडीवरचा ओरखडा कुणीच दुरुस्त करत नाही, तो आहे हे लक्षात ठेवून त्याला वळसा घालतात, इतकंच.

माल बाहेर निघाल्यावर मात्र चेकडिस्क लागतं, आणि एक टीबीच्या डिस्कला किती वेळ लागेल हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. आकडा 11 टक्क्यांवर येतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. गिऱ्हाईक जाऊन शेवभाजी खाऊन येतं, 11 टक्के. सराफ बाजारात जाऊन बायकोचं मंगळसूत्र पॉलिश करून आणतं, 11 टक्के. एवढ्यात लाईट जाते. लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटांची, म्हणून आधीबघूने स्वतःचा यूपीएस आधीच जोडून ठेवलेला असतो. त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं ते दिवसभरात एवढ्याच वेळेला.

ही खोड दुकानातच राहिली असती तर बरं होतं. पण जळगावला भरताची वांगी आणायला पाठवलेला आधीबघू एकेक बामणोदचं वांगं उजेडात धरून भोक शोधत बसतो आणि घरी येतो तोवर चूल थंड झालेली असते. "वांगं आणलंत का तपासणीचा अहवाल?" असं वहिनी विचारतात. जुनी मोटरसायकल घ्यायला त्याला कुणी सोबत नेत नाही, कारण तो विकणाऱ्यालाच विचारतो, "पडली होती का?"

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार मायक्रोसॉफ्टने काढून घेतला तेव्हा माळ्यावरचे लॅपटॉप धूळ झटकून मार्केटात आले. त्यातल्या पुष्कळांना अकरा चालतच नाही, टीपीएम नाही नाहीतर प्रोसेसर जुना. हल्ली आधीबघू सरळ सांगतो, डिस्क काढा, एसएसडी बसवा. सांगतो, पण जरा पडक्या आवाजात. एसएसडीत ना तबकडी, ना हेड. ती जाते ती बिनआवाजाची, आणि कानाला काही काम उरत नाही.

तरी कधी कधी सुगीचा दिवस उगवतो. रावेरकडचे एक आप्पा आले, केळीच्या गाड्यांचा चार वर्षांचा हिशोब लॅपटॉपात, आणि लॅपटॉप दर दहा मिनिटांनी गोठतो. मागणी अर्थात फॉर्मॅटची. आधीबघूने वही वाचली. रीअलोकेटेड शून्य, पेंडिंग शून्य, पण सीआरसीच्या चुका भलत्या वाढलेल्या. म्हणजे डिस्क ठणठणीत, मधली केबल सैल. त्याने लॅपटॉप उघडला, केबल काढली, टोकं साफ केली, पुन्हा नीट दाबून बसवली. हिशोबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घातली आणि दोन तास लॅपटॉप तसाच चालू ठेवून बघितला. एकदाही गोठला नाही.

"किती झाले?" आप्पांनी पाकीट काढलं.

"तीनशे द्या."

"फॉर्मॅट मारला?"

"गरजच पडली नाही आप्पा."

आप्पांनी पाकीट परत खिशात ठेवलं. "मारलाच नाही? मग पैसे कशाचे?"

बरीच घासाघीस होऊन दोनशेवर तोडगा निघाला. जिन्याच्या पाचव्या पायरीवरून आप्पा मागे वळले आणि मार्केटभर ऐकू जाईल असं ओरडले, "अँटिव्हायरस तरी टाकला का रे भो?"