जोडपं पाहिजे, पगार एकच

अलिबाग तालुक्यात 'एनए प्लॉट विकणे आहे' याच्या खालोखाल खपणारी दुसरी जाहिरात म्हणजे 'बंगल्यासाठी केअरटेकर जोडपं पाहिजे'. नवऱ्याला वाडीकाम, पंप आणि स्विमिंग पूल यांची माहिती असावी. बायकोला शाकाहारी, मांसाहारी स्वयंपाक आणि साफसफाई यावी. निर्व्यसनी असावेत. मूल शक्यतो एकच, तेही न रडणारं. पगार योग्यतेनुसार. यातली योग्यता दोघांची मोजतात, पगार मात्र एक आणि तो नवऱ्याच्या खात्यात. बायको मिक्सरवर इस्त्री फुकट मिळावी तशी येते.

आमच्या ओळखीचे एक साहेब मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीत समता, विविधता आणि समावेशन खात्याचे प्रमुख आहेत. आठवडाभर ते लोकांच्या मनातले अचेतन पूर्वग्रह उपसून काढतात. शुक्रवारी ते फार दमलेले असतात. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोत चढायचं, तासाभरात मांडवा, आणि पुढे बंगल्यावर वहिनी उभ्या. वहिनी म्हणजे केअरटेकरची बायको. त्यांचं नाव साहेबांना चार वर्षांत विचारायचं राहून गेलं होतं.

शनिवारी सहाला पळायला जाणाऱ्यांचा चहा, आठला उठणाऱ्यांच्या आंबोळ्या, अकराला उठणाऱ्यांना पुन्हा आंबोळ्या, पण गरम. पाहुण्यांतल्या एक बाई ग्लुटेन खात नाहीत, म्हणून त्यांना तांदळाची भाकरी. वहिनी जन्मापासून ग्लुटेनमुक्त आहेत, पण त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी पापलेट तळायचं, सुरमईचं कालवण करायचं, सोलकढी गाळायची. हिवाळ्यात रात्री पोपटी हवीच: मडकं, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, भांबुर्डीचा पाला. पाला कुंपणाकडेने वहिनींनी आणायचा, मडकं त्यांनी भरायचं, आणि शेकोटीभोवती फेर पाहुण्यांनी धरायचा. रात्री एकला फेर थांबला की राख भरायला मात्र फेरातलं कुणी उरत नाही. दादा, म्हणजे केअरटेकर, तोही दिवसभर राबतो, त्याच्या पगारावर कुणी माडी बांधलेली नाही. पण निदान त्याला पगार तरी आहे.

नेमणुकीची मुलाखतही ऐकण्यासारखी असते. "आम्ही तसलं काही मानत नाही हं," असं म्हणून झाल्यावर साहेबांच्या आई विचारतात, "आडनाव काय म्हणालात?" त्या उत्तरावर ठरतं की माणूस स्वयंपाकघरात जाणार की कुंपणाच्या कडेला. कातकरी वाडीवरची बाई गवत कापायला रोजावर येते, तेव्हा पाणी प्यायला तिला बागेचा नळ दाखवतात. यालाच अचेतन पूर्वग्रह म्हणावं, तर हा चांगला टक्क जागा असतो.

जोडपं राबवून पगार एकच देण्याचा हा शोध साहेबांनी लावला असं मात्र म्हणता येत नाही. वीटभट्टीवाला उचल देतो ती जोडीला. ऊसतोडीचा मुकादम जोडीलाच 'कोयता' म्हणतो. अवजार आणि दोन माणसं मिळून एक नग. आणि आपल्या कोकणात तर खोतांचं राज्य होतं. खंड कुळाने भरायचा, वर वेठीला खोताच्या दारात राबायचं, त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही. याच अलिबाग तालुक्यात, चरी गावी, २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी ठरवलं की जमीन कसायचीच नाही. संप १९३९ पर्यंत चालला. बाबासाहेब चरीला येऊन गेले आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती संपवण्याचं विधेयक मांडलं. खोती रद्द करणारा कायदा यायला १९४९ उजाडलं. आता त्याच मुलखातल्या जमिनींवर बंगले आहेत आणि फाटकावर इटालियन नावं.

साहेबांना इतिहास कच्चा असला तरी कायदा पाठ आहे. समान वेतनाचा कायदा आणि वेठबिगारी बंदीचा कायदा दोन्ही १९७६ सालचे. पहिला पुढे २०१९ च्या वेतन संहितेत गेला, हे ते स्लाइडसह सांगतात. बंगल्याचा विषय काढला की म्हणतात, "अहो, ते कामाचं ठिकाण नाही, घर आहे. ती आमच्या घरचीच." वास्तविक कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकाम करणाऱ्या बाईसाठी मालकाचं घर हेच कामाचं ठिकाण धरलेलं आहे, आणि तिची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. साहेबांच्या मुंबईच्या कार्यालयात समितीच्या सदस्यांची नावं काचेच्या फलकावर लावलेली आहेत. बंगल्यावर फलक एकच आहे: 'कुत्र्यापासून सावध'.

मध्यंतरी कंपनीने सगळ्या वरिष्ठांकडून 'मी माझ्या घरी समता आणीन' अशी लेखी प्रतिज्ञा घेतली. साहेब प्रामाणिक माणूस. त्याच शनिवारी त्यांनी दादा आणि वहिनींना व्हरांड्यात बोलावलं, वहिनींचं नाव विचारून घेतलं, त्यांचं बँकेत स्वतंत्र खातं उघडायला लावलं आणि जाहीर केलं की यापुढे दोघांना अगदी समान पगार मिळेल. दादाचा होता तोच आकडा, त्याचे दोन सारखे भाग.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनी हात पुसले आणि विचारलं, "म्हणजे साहेब, आता ह्यांनी दुपारी बारालाच सुटायचं का?"