पोहोचल्याची पोच

वसईचा गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर जीव देऊन, पंचवीस सोबत्यांसह स्वर्गात पोहोचला. रोमने त्याला संत घोषित करून त्याची अधिकृत पोच दिली ८ जून १८६२ रोजी. मधल्या २६५ वर्षांत वसईतले पोर्तुगीज गेले, चिमाजी अप्पांचे मराठे आले, तेही गेले, इंग्रज येऊन स्थिरावले, किल्ल्यातली चर्चं पडली आणि त्यांच्या भिंतींवर झाडं रुजली. कॅथलिक श्रद्धेत चर्च कुणाला संत करत नाही. अमुक माणूस देवापाशी पोहोचला आहे, एवढीच ग्वाही देतं. म्हणजे इतकी वर्षं ताटकळलो ते आपण. गोन्सालो केव्हाच आत जाऊन बसला होता. तसा त्याला दारात थांबण्याचा सराव होताच. जपानमध्ये व्यापार केला, तिथली भाषा सफाईने शिकला, येशूसंघीयांबरोबर राबला, पण त्यांच्या संघात प्रवेश काही मिळाला नाही. शेवटी मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि १५९३ मध्ये दुभाष्या म्हणून पुन्हा जपानला परतला. १६२७ साली संतपदाआधीची ‘धन्यवादित’ ही पायरी मिळाली. पुढच्या पायरीला आणखी सव्वादोन शतकांहून जास्त.

सगळ्यांच्याच वाट्याला असं येत नाही. पदुआचे संत अंतोनी १३ जून १२३१ ला वारले आणि पुढचा जून उजाडायच्या आत, ३० मे १२३२ ला, संत म्हणून घोषितही झाले. हरवलेल्या वस्तू शोधून देणारे संत म्हणून त्यांची ख्याती. त्यांचे कागद गहाळ करण्याची कुणाची टाप होती! उलट जोन ऑफ आर्क. तिला १४३१ साली धर्मगुरूंच्याच न्यायासनाने पाखंडी ठरवलं, मग तिला जाळलं गेलं. आणि १९२० साली चर्चनेच तिला वेदीवर आणून बसवलं. तो निकाल १४५६ मध्येच रद्द झाला होता, पण चुकीची पुरती दुरुस्ती व्हायला पावणेपाचशे-पाचशे वर्षं लागली. कुठल्याही सरकारी दप्तराशी ज्याचा संबंध आला आहे, तो याला उशीर म्हणणार नाही.

या कारभारातलं मला सगळ्यांत प्रिय पात्र म्हणजे सैतानाचा वकील. १५८७ साली पोप पाचव्या सिक्स्टसने हे पद रीतसर निर्माण केलं. कुणाचं नाव संतपदासाठी पुढे आलं की या भल्या धर्मगुरूने त्याच्यात खोट काढायची. चमत्कार कशावरून? नम्रता खरी, की नम्रतेचाही तोरा? १९८३ साली दुसऱ्या जॉन पॉलनी कामकाजाची पद्धत बदलली आणि त्या वकिलाचा दरारा संपला. मला मात्र वाटतं, असा एक माणूस हवाच. आपल्याकडे गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतमंडळींची डोकी वाजवून पाहिली आणि खुद्द नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ते काम याच खात्यातलं.

चमत्काराची छाननी तर आणखी सुरस. बरा झालेला रुग्ण एकाएकी, पूर्णपणे आणि कायमचा बरा झाला पाहिजे, आणि डॉक्टरांच्या मंडळाने लिहून द्यायला हवं की याचं स्पष्टीकरण आम्हांला सापडत नाही. डॉक्टरच्या ‘कळत नाही’ला इतका मान जगात दुसरीकडे कुठे मिळत असेल! त्यातही बरं करणारा देवच. संताने फक्त शब्द टाकायचा. भाविक संताला म्हणतात तेही एवढंच, की आमच्यासाठी विनंती कर. साध्या मराठीत याला वशिला म्हणतात.

वशिल्याच्या माणसाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, हे वांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेत कळतं. सप्टेंबरमध्ये तिथल्या दुकानांत मेणाचे हात, पाय, डोळे, घरं, इवलीशी बाळं रांगेने मांडलेली असतात. गुडघ्यांनी बेजार झालेली एक बाई मेणाचा पाय चाचपून बघत होती. दुकानदाराने विचारलं, ‘डावा की उजवा?’ ती म्हणाली, ‘दुखतात दोन्ही. पण उजव्याचं आधी बघू दे.’ नवस सगळ्याच जातिधर्मांचे लोक बोलतात. मावली दाखला मागत नाही.

आमच्या शेजारच्या मावशींचा हा व्यवहार घरचाच होता. किल्ल्या सापडेनात की त्या संत अंतोनींची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवायच्या. ‘बसा तसेच,’ म्हणायच्या आणि कालवणाला फोडणी द्यायला जायच्या. किल्ल्या सापडल्या की तसबीर सरळ, काच पदराने पुसलेली, वर एक मेणबत्ती. वाडीत कुणाकडे आजारपण आलं की पेजेचं भांडं मात्र पहिलं त्यांच्याकडूनच जायचं, आदल्या दिवशी त्या घराशी कडाडून भांडण झालेलं असलं तरी. मावशींची फाइल कुणी रोमला पाठवणार नाही. १ नोव्हेंबरला चर्च सर्व संतांचा सण पाळतं, नोंद झालेल्यांचा आणि कुठेच नोंद न झालेल्यांचाही. संत अंतोनींनी विरुद्ध साक्ष दिली नसेल, तर त्या दिवशी मावशींचाही सण असतो.