अण्णांचे पाटे

अण्णांना गोल्फ येत नाही आणि शिकायचंही नाही. एप्रिलमध्ये टीव्हीवर ऑगस्टाची मास्टर्स स्पर्धा लागते, तेव्हा घरातले बाकीचे चेंडू कुठं पडला ते बघत असतात आणि अण्णा चडफडत असतात. कारण मास्टर्समध्ये खेळाडू चालत जातात. ‘‘ज्या गावाच्या शिवारात गोल्फ कार्ट बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या, तिथं हे लोक पायपीट करतात! आणि वर हिरवा कोट घालतात!’’

अण्णा आणि काकू राहतात पीचट्री सिटीत, लेकीकडे. अटलांटाच्या दक्षिणेला, विमानतळापासून फार लांब नाही, असं हे 1959 साली वसवलेलं गाव. इथं मोटारीच्या रस्त्यांखेरीज झाडीतून जाणाऱ्या डांबरी पायवाटांचं वेगळंच जाळं आहे, शंभर मैलांच्या आसपास, आणि त्यावरून लोक गोल्फ कार्टनं फिरतात. भाजी आणायला कार्ट, तळ्यावर कार्ट, दंतवैद्याकडं कार्ट. हमरस्ता आडवा आला तर कार्टसाठी निराळा पूल. मॅकिन्टॉश हायस्कूलच्या आवारात पोरांच्या कार्ट लावायला स्वतंत्र वाहनतळ आहे. शेजारच्या न्यूननमध्येही एका जपानी कंपनीचा कार्टचा कारखाना आहे. थोडक्यात, ज्या माणसानं उभं आयुष्य पिंपरीत ट्रकच्या पाट्यांखाली, म्हणजे लीफ स्प्रिंगांखाली, पाठीवर पडून काढलं, त्याला निवृत्तीनंतर कुठं नेऊन ठेवू नये, तर इथं. लेकीनं नेमकं तेच केलं.

त्यांना आधीच सांगितलं होतं, की बाबा, ही खेळण्यातली गाडी आहे, आरामात फिरा. जावयानं एक जुनी विजेवर चालणारी कार्ट घेऊन दिली. अण्णा पहिल्या दिवशी तिच्यात बसायच्या आधी तिच्या मागं गेले आणि उकिडवे बसले. गाडी विकत घेणारे लोक आधी रंग बघतात, सीट दाबून बघतात. अण्णांच्या जातीचा माणूस खाली वाकतो आणि वर येतो तो चेहरा पाडूनच. ‘‘पाटे आहेत,’’ ते म्हणाले. मला वाटलं तक्रार आहे. पण तो आनंद होता. मागच्या ॲक्सलवर दोन बाजूंना दोन पाटे, यू बोल्टनं आवळलेले, एका टोकाला शॅकल, शेजारी एकेक शॉकॲब्सॉर्बर. तेच सगळं, फक्त लहान. पिंपरीतल्या एखाद्या ट्रकनं अमेरिकेत येऊन नातवंडं केली असावीत, अशा मायेनं ते बघत होते.

त्या दिवसापासून अण्णा कार्टनं कुठं जात नाहीत. कार्ट ऐकतात. रस्त्यावर पाइन झाडांची मुळं डांबराखालून वर येतात आणि मधूनमधून उंचवटा होतो. तिथं बाकीचे लोक वेग कमी करतात. अण्णा वेग तोच ठेवतात आणि डोळे बारीक करतात. दण्ण झालं, की शेजारी बसलेल्याला विचारतात, ‘‘काय वाटलं?’’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हे उत्तर चालत नाही. डावीकडून वाटलं की उजवीकडून, एकदा वाटलं की वाटून पुन्हा वाटलं, हे सांगावं लागतं. मणका हे त्यांच्या लेखी मोजमापाचं यंत्र आहे. देवानं ते दिलंय कशाला?

सुरुवात कुईकुईनं झाली. पाट्याच्या डोळ्यातलं बुश झिजलं होतं. जावई म्हणाला, तेल मारू. अण्णांनी त्याच्याकडं, मुलगी दिली त्याचा पश्चात्ताप होत असल्यासारखं पाहिलं. ‘‘रबराला खनिज तेल? फुगून सडेल ते.’’ नवी बुशं आली. पण खरी गंमत पुढं. रबरी बुशचा बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळायचा नसतो. तसा आवळला, तर रबर त्या लटकत्या स्थितीत पकडलं जातं. गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून बोल्ट ढिले ठेवून गाडी चाकांवर उतरवायची, नेहमीचं वजन द्यायचं आणि मग आवळायचं. नेहमीचं वजन म्हणजे काकू. चाकांखाली फळ्या घालून गाडी जरा उंच केलेली, खाली अण्णा टॉर्क रेंच घेऊन, वर काकू मेथी निवडत.

‘‘अहो, झालं का?’’

‘‘हलू नकोस. मधे बस. मधे म्हणजे मधे.’’

काकू मधे सरकल्या. जुडी संपली, दुसरी आणायला उठणार तर खालून आवाज, ‘‘उठलीस? आता पुन्हा पहिल्यापासून!’’ त्या घरी त्या आठवड्यात मेथी फार झाली.

मग कळलं, की गाडी डावीकडं झुकते. हे अमेरिकेतल्या बहुतेक जुन्या कार्टचं दुखणं. चालक डावीकडं बसतो, बहुतेक वेळा एकटाच बसतो. वर्षानुवर्षं एकाच पाट्यावर भार, तो आधी बसणार. अण्णांनी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली, दोन्ही बाजूंना, आणि आकडे गॅरेजच्या भिंतीवर खडूनं लिहिले. शेजाऱ्यानं सुचवलं, डावा पाटा उजवीकडं टाका, उजवा डावीकडं, बरोबरी होईल. अण्णा म्हणाले, ‘‘होईल ना. मग गाडी उजवीकडं झुकेल.’’ पाटे बदलायचे तर जोडीनं.

या शेजाऱ्याबद्दल सांगायला हवं. तो निवृत्त वैमानिक. या गावात वैमानिक बरेच आहेत. अण्णा त्याला काप्तान म्हणतात. काप्तानाची कार्ट सहा इंच उचललेली आहे, चाकं जीपसारखी, आणि चढायला पायरी. पाट्याखाली ठोकळे घालून, लांब यू बोल्ट मारून मागचा भाग उचललेला. अण्णांना हे बघवत नाही. ‘‘उंची वाढली की वळणावर झुकणार. ठोकळा जितका उंच, तितका ॲक्सल पाट्याला पीळ देणार. विमान उडवलं म्हणून कार्टपण हवेत न्यायची?’’ हे सगळं मराठीत. काप्तान इंग्रजीत काही तरी म्हणतो. दोघांना एकमेकांचं निम्मंच कळतं, म्हणूनच मैत्री टिकली असावी. पान्यांच्या बाबतीत मात्र चोख. गाडीचे नटबोल्ट इंचात, अण्णांचं अर्धं आयुष्य मिलिमीटरमध्ये गेलेलं. पण त्याआधी ते उमेदवारीत सुतात मोजायला शिकले होते. नऊ सोळांश इंचाचा पाना मागायचा तर अण्णा ‘साडेचार सूत’ म्हणतात, आणि जॉर्जियातला हा गोरा, सहा फुटी, सत्तरीचा माणूस बिनचूक तोच पाना हातात ठेवतो.

नव्या पाट्यांची वेळ आली, तेव्हा नेमकी नातवंडांसाठी मागं पाठमोरी सीट बसवली होती. इथं अण्णांनी घरातल्या सगळ्यांना जेवणाच्या टेबलावर बसवून समजावलं. मागची सीट ॲक्सलच्याही मागं येते. तिथं दोन माणसं बसली, दीडशे किलोची, तर मागच्या पाट्यांवर दीडशेहून जास्त भार पडतो आणि वरचा जो जास्तीचा, तेवढा पुढच्या चाकांवरून कमी होतो. म्हणून पुलाच्या चढावर स्टिअरिंग हलकं लागतं. ‘‘एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून कधी गेला नाहीत तुम्ही. तो बाक चाकाच्या मागं असतो. चालकाला खड्डा लागतो, तुम्हाला छत लागतं.’’ नातू म्हणाला, ‘‘अण्णा, व्हॉट्स एसटी?’’ त्यावर अण्णांनी लेकीकडं जे बघितलं, त्यात तीस वर्षांचा हिशोब होता.

एक पट्टी जास्त असलेले भारी पाटे आले. बसवले, पळवून पुन्हा आवळले, खडूचे नवे आकडे आले. मागं दोन माणसं बसली तर गाडी आता हत्तीसारखी डौलात जायची. रिकामी असली की मात्र उडायची. भारी पाट्याला भार मिळाला नाही तर तो वाकतच नाही, खड्डा आहे तसा वर पोचवतो. यावर जगातला कुठलाही माणूस म्हणेल, जरा सोसू. अण्णा म्हणाले, ‘‘चार माणसं घेऊनच जाऊ.’’ दूध आणायला चार माणसं जाऊ लागली. मराठी मंडळाच्या गणपतीचे पाहुणे उतरले होते, त्यांना तळं दाखवायच्या निमित्तानं बाहेर काढलं आणि गाडीत बसवण्याआधी अण्णांनी एका घरंदाज बाईंना सरळ विचारलं, ‘‘आपलं वजन किती?’’ वातावरण थंड पडलं. अण्णांना काहीच जाणवलं नाही. ‘‘अंदाजे चालेल,’’ ते म्हणाले.

आणि अशात जावयानं वाढदिवसाला लिथियम बॅटरी भेट दिली.

आधीच्या होत्या आठ व्होल्टच्या सहा, शिशाच्या, एकेक अठ्ठावीस-तीस किलोची. सगळ्या मिळून पावणेदोनशे किलोच्या घरात, सीटच्या खाली. त्यांच्या जागी जी एक पेटी आली, ती पन्नासेक किलोची. पाणी घालायला नको, टोकांवर पांढरी बुरशी नाही, गाडी चढावर दमत नाही. जावई खूष. अण्णांनी केक कापला, खाल्ला, आणि सव्वाशे किलो अदृश्य झाल्याचं त्यांना तोंडात घास असतानाच कळलं. ते गॅरेजमध्ये गेले. मागचा भाग टेपवर दिसेल इतका वर आला होता. आधीच कडक पाटे, त्यात पाठीवरचं ओझंही गेलं. त्या संध्याकाळी ते मुळांच्या उंचवट्यावरून एकटेच गेले आणि परतले तेव्हा चष्मा हातात होता.

दुसऱ्या दिवशी काप्तानाच्या गाडीतून मुलांच्या खेळायच्या वाळूची पोती आली. पन्नास पौंडी, पाच. लिथियमच्या पेटीच्या दोन्ही अंगांना ती बसवली, पट्ट्यांनी बांधली. हिशोब बघा: हलकी बॅटरी घ्यायला जावयानं हजारो डॉलर मोजले आणि अण्णांनी वाळू घालून तिचं वजन पहिल्यासारखं केलं. जावई बराच वेळ गॅरेजच्या दारात उभा होता. तो कंपनीत लोकांना खर्च कमी कसा करायचा ते शिकवतो.

मी म्हणालो, ‘‘अण्णा, त्यापेक्षा ती जादा पट्टी काढा ना. सेंटर बोल्ट सोडला की झालं.’’

‘‘काढतो. आणि उद्या काप्तान मागं बसला तर?’’

‘‘कधी बसलाय तो?’’

‘‘पाटा कोण बसलाय ते बघून घालत नाहीत. कोण बसेल ते बघून घालतात.’’

यात तथ्य आहे हे मला मान्य करावं लागतं. या जातीच्या माणसाचा हाच त्रास: त्याला झिडकारावं इतका तो चुकीचा कधीच नसतो.

परवा नातू सोळाचा झाला, लायसन्स आलं. त्यानं शाळेत जायला कार्ट मागितली आणि मित्र बसणार म्हणून, कोणाला न विचारता, वाळूची पोती अंगणात काढून ठेवली. अण्णा दिवसभर त्या पोत्यांभोवती येरझाऱ्या घालत होते. साडेतीनला कार्ट आली. मागच्या सीटवर शाळेच्या फुटबॉल संघातली दोन पोरं, दाराच्या चौकटीत मावणार नाहीत अशी. घरासमोरच्या उंचवट्यावर गाडी नुसती खाली झाली, वर आली आणि थांबली. एक डुलकी, बस्स. दुसरी नाही.

‘‘उतरू नका!’’ अण्णा ओरडले. मराठीतच. पोरं उतरली नाहीत. अण्णा टेप घेऊन डांबरावर आडवे झाले, काप्तान साडेचार सुताचा पाना घेऊन कुंपणावरून आला, काकूंनी पोरांच्या हातात चिवड्याच्या वाट्या दिल्या, आणि खालून आवाज आला, ‘‘त्यातल्या डावीकडच्याला विचार रे, तो रोज शाळेत जातो का?’’