फुसक्या काडतुसाची मीमांसा

रत्नागिरी जिल्ह्याने मराठा पलटणींना पिढ्यान्‌पिढ्या माणसं पुरवली. त्या माणसांनी पेन्शन, मिशा आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन परत यायचं, ही रीत. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत दोन वस्तू निघाल्या: बिडाचा पोकळ गोळा आणि एक पितळी पुंगळी. त्यावर आजवर शास्त्रशुद्ध लेखन झालेलं नाही. ती उणीव इथे भरून काढतो.

प्रथम गोळा. हा मिल्स बाँब, हाताने फेकायचा. बर्मिंगहॅमच्या विल्यम मिल्स यांनी तो 1915 साली काढला. इंग्रज त्याला अननस म्हणतात. हातात घेतल्यावर कळतं की हे सीताफळ आहे. अंगावरच्या खाचांमुळे त्याचे नेमके तुकडे होतात, हा पूर्वपक्ष. खाचा निव्वळ पकडीसाठी आहेत, बीड फुटायचं तसं फुटतं, हा उत्तरपक्ष. आमच्या आत्याचा सिद्धांत तिसराच. आंब्याचं साठं वाळत घातलं की फडकं उडू नये म्हणून ती तीन कोपऱ्यांवर चिऱ्याचे तुकडे ठेवी आणि चौथ्यावर हा गोळा. मी एकदा अभ्यासासाठी उचलला तर ओरडली, "कुठे नेतोस रे तो? आधी साठं वाळू दे!"

या गोळ्याचा एक अवतार 'छत्तीस एम'. यातला 'एम' म्हणजे मराठा, असं आमचे मामा छातीठोक सांगत. प्रत्यक्षात तो मेसोपोटेमियाचा. तिथल्या हवेला टिकावा म्हणून 1917 च्या सुमारास गोळा लाखेने बंद करू लागले. मामांचा दुसरा मुद्दा असा की, मेसोपोटेमियातल्या कूतच्या वेढ्यात मराठ्यांनी हाच वापरला. 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी तिथे अडकल्या होत्या खऱ्या, पण 29 एप्रिल 1916 लाच कूत पडलं. सबब मामांचा पक्ष खोडला गेला, असं मी पंगतीतच जाहीर केलं. मामांनी आमटी मागून घेतली.

आता पुंगळी, म्हणजे खरा विषय. बुडावर 'के' आणि 'एफ', मधोमध बाणाची खूण: खडकीचा दारूगोळा कारखाना, स्थापना 1869. तोंडाशी पाकळ्यांसारख्या चुण्या, निम्मं अंग काळं केलेलं. गोळी नाहीच. म्हणजे फुसकं. म्हणूनच घरच्या पोरांनी त्याची शिट्टी केली, आणि इथेच विद्वत्तेचा ऱ्हास सुरू झाला.

कारण फुसक्याशिवाय मिल्सचा गोळा लांब जात नाही: हाताने फेकायचा तर तीसेक यार्ड. पुढे न्यायचा तर बंदुकीच्या तोंडाला पेला बसवायचा, गोळ्याच्या तळाला चकती लावायची, गोळा पेल्यात ठेवायचा आणि मागून हे फुसकं काडतूस उडवायचं. आत बॅलिस्टाइट, आल्फ्रेड नोबेल यांची 1887 ची दारू. तिचा वायू चकतीला रेटतो आणि गोळा सुमारे 200 यार्डांवर जाऊन पडतो. हाताने फेकायच्या गोळ्याला चार सेकंदांची वात, पेल्यातून उडवायच्याला सात. धक्का असा की या कामाच्या बंदुकांना तारेचे वेढे घालून कंबर आवळावी लागे. इथे गोळीचं काडतूस कामाचं नाही, फुसकंच लागतं. 'फुसका बार' हा शब्द कोशांत निंदाव्यंजक ठरवणाऱ्यांनी बंदुकीमागे एकदा खांदा लावून पाहावा.

राहता राहिला वाद एकच: आमचा गोळा हाताचा की पेल्याचा? चकतीसाठी आट्याचं भोक तळाच्या बुचाला असतं, आणि आमच्या गोळ्याला बूचच नाही. तेव्हा या वादाचा तळ लागणं शक्य नाही.

वाचकांना एकच विनंती. माळ्यावर असा गोळा सापडला आणि त्याचं बूच, खटका जागच्या जागी असतील, तर मीमांसा करत बसू नका. हात न लावता लांब व्हा आणि 112 ला फोन करा. आमच्या गोळ्यातून आरपार उजेड दिसतो. सध्या तो साठ्यावर आहे.