तेलगळती : निदान आणि घरगुती उपचार

जुन्या अँबॅसेडरच्या इंजिनातून ऑइल गळण्याच्या मुख्य जागा चार : डोक्यावरचं टॅपेट कव्हर, कुशीतली दोन टॅपेट झाकणं, पोटाखालचा ऑइल चेंबर आणि क्रँकशाफ्टचं मागचं टोक. मालकाच्या हातातला डबा ही पाचवी जागा, पण ती आजवर कोणत्याही मालकाने मान्य केलेली नाही. पुढचं विवेचन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतल्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनापुरतं आहे. इसुझूचं इंजिन बसलेल्या नंतरच्या गाड्यांचे मालक सुखी असतात आणि असलं काही वाचत नाहीत.

घरी दुरुस्ती करणाऱ्या मालकाची जात वेगळी. २०१४ मध्ये उत्तरपाड्याला अँबॅसेडर बनणं थांबलं, त्या दिवसापासून त्याची गाडी ‘जुनी’ न राहता ‘व्हिंटेज’ झाली. निदान त्याच्या बोलण्यात. कामठीचा मिस्त्री चहा निवेपर्यंत उरकील ते काम हा नागपूरजवळच्या कन्हानच्या भर वस्तीत रविवारभर पुरवतो. पैसे वाचतात, असं कारण घरात सांगितलं जातं. पण बोनेटखाली वाकलेल्या माणसाला रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबून ‘काय झालं भाऊ?’ विचारतो, आणि ‘काही नाही, जरा टॅपेट पाहून राहिलो’ एवढंच बेफिकिरीने सांगण्यात जे सुख आहे, ते पेन्शनीत नाही.

निदानाची सुरुवात पुठ्ठ्याने होते. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरायचा आणि सकाळी डाग कुठे पडला ते पाहायचं. यातून तेल जमिनीवर कुठे पडलं एवढं कळतं. निघालं कुठून, ते कळत नाही. धावत्या गाडीतलं तेल वाऱ्याने मागे सरकतं आणि वजनाने खाली उतरतं. म्हणून सर्वांत ओली जागा शोधू नये, सर्वांत वरची ओली जागा शोधावी. त्यासाठी इंजिन आधी धुवावं लागतं, आणि कन्हानमध्ये हे धोक्याचं आहे. आजूबाजूला कोळशाच्या उघड्या खाणी, शेजारून जबलपूरचा महामार्ग. तेलावर ही धूळ वर्षानुवर्षं बसून जो काळा थर होतो, तो पुष्कळदा गाडीतलं एकमेव चालू असलेलं सील असतो. घासून इंजिन लख्ख केलं की जिथे एक थेंब होता तिथे तीन दिसू लागतात. कोरड्या झालेल्या इंजिनावर टाल्कम पावडर भुरभुरवून गाडी थोडी चालवायची; पावडर जिथे भिजली, ते उगमस्थान. पावडरीचा डबा घरातून न विचारता आणलेला असतो.

याच टप्प्यावर शेजारी जमतात. एक जण चेंबर उतरवायला सांगतो, दुसरा गाडी. तिसरे काकाजी दिवस कोणता ते विचारतात. ‘शनिवारी गळत असन तर गळू द्या ना बापा, मारुतीले पोचते.’ गाडी मारुती नाही, हे त्यांच्या लक्षात आणून देण्यात अर्थ नसतो.

बहुतेक वेळा दोषी ठरतं ते टॅपेट कव्हरचं पॅकिंग. हे कव्हर दोन नटांवर बसलेलं असतं. दोनच. त्यासाठी मालकाने गोटी पान्यांची अख्खी पेटी विकत घेतलेली असते. तिच्यातला एक पाना वापरला जातो. उरलेले उघड्या पेटीत, रस्त्यावरून दिसतील असे, मांडून ठेवायचे असतात.

पॅकिंग बुचाचं असतं आणि इथे थोडं थांबायला हवं. बूच ही एका ओकवृक्षाची साल. जगातलं जवळपास निम्मं बूच एकट्या पोर्तुगालमधून येतं. झाड साधारण पंचवीस वर्षांचं होईपर्यंत त्याला हात लावत नाहीत. मग साल उतरवतात, झाड न तोडता, कुऱ्हाडीच्या बेताच्या घावांनी, आणि पुन्हा नऊ वर्षं वाट पाहतात. कोणत्या साली सोललं, तो आकडा खोडावर रंगवून ठेवतात. पहिल्या दोन खेपांची साल बाटलीच्या बुचाला चालत नाही. ती तिसऱ्या खेपेला, म्हणजे झाड चाळिशी ओलांडल्यावर, मिळते. वाइनच्या परीक्षेत नापास झालेल्या सालीचा आणि कातरणांचा भुगा करून, चिकटवून त्याचे जे पत्रे बनतात, त्यांतून पॅकिंग कापलं जातं. बुचात हवेने भरलेल्या असंख्य बंद कोठड्या असतात. १६६५ मध्ये रॉबर्ट हुकने सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा काप ठेवला तेव्हा माणसाला पेशी पहिल्यांदा दिसल्या, त्या याच. या कोठड्यांमुळे बूच दाबलं तर दबतं, पण बाजूंना जवळजवळ फुगत नाही. पोर्तुगीज गोव्यात साडेचारशे वर्षं राहिले आणि कन्हानला काही पोचले नाहीत; त्यांच्या झाडाने मात्र इथवर येऊन बोनेटखाली नोकरी धरली. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, त्यात इंजिनाची धग. अशा ठिकाणी हे बूच वाळतं, आकसतं, बिस्किटासारखं तुटतं. दुकानात बरीच वर्षं टांगलेलं नवं पॅकिंगही आकसलेलं निघतं. ते फेकू नये, कोमट पाण्यात भिजवावं. पुन्हा मापाला येतं. ज्या झाडासाठी चाळीस वर्षं थांबतात, त्याच्यासाठी अर्धा तास थांबणं मालकाला अवघड जातं.

बसवताना जुन्या पॅकिंगचे तुकडे खरवडून काढावेत. इंजिनात पडू देऊ नयेत. नट घट्ट आवळणं ही सर्वांत मोठी चूक. जोर लावला की कव्हरचा पत्रा वाकतो, बूच चिरडतं आणि गळती दुप्पट होते. बघ्यांची संख्या आणि नटावरचा जोर यांचं प्रमाण सम असतं, म्हणून हे काम पहाटे करावं. नवं पॅकिंगही ओलं झालं तर ब्रीदरची नळी पाहावी. झिजलेल्या इंजिनात पिस्टनच्या कडेने गॅस खाली उतरतो. नळी तुंबली की तो तेलाला ढकलत फटीफटीतून वाट काढतो. बरेच महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं असू शकतं. कुशीतल्या झाकणांसाठी मॅनिफोल्ड उतरवावं लागतं. ते काम मिस्त्र्याकडे द्यावं आणि शेजारी विचारतील तेव्हा गाडी ‘ट्यूनिंगला’ गेल्याचं सांगावं.

आता क्रँकशाफ्टचं मागचं टोक. तिथे रबरी सीलच नाही. शाफ्टवर उलट्या आट्या कोरलेल्या आहेत. इंजिन फिरत असताना त्या तेलाला परत आत लोटतात. इंजिन थांबलं की आट्याही थांबतात. क्लच भिजू नये म्हणून बेल हाउसिंगच्या तळाला एक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आणि थेंब तिथून पडतो. म्हणजे हा थेंब मूळ आराखड्यातच धरलेला आहे. तो पूर्ण थांबवायचा घरगुती उपाय नाही.

थेंब अंगणातून नालीत जातो, नाली पावसाळ्यात कन्हान नदीकडे. नागपूर शहर ज्या नद्यांचं पाणी पितं त्यांत ही एक आहे. पुलावरून जाताना नदीचा रंग पाहून याच मालकाने खाणींच्या, कारखान्यांच्या आणि अख्ख्या नागपूरच्या नावाने बोटं मोडलेली असतात. ते बोटं मोडणं खोटं नसतं. नदीचे हाल खरंच पाहवत नाहीत. पण त्या बोटांना काळं ऑइल लागलेलं असतं. बदललेलं चारेक लिटर जळकं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रियावाल्याकडे जायला हवं. प्रत्यक्षात ते सेंट्रिंगच्या पाट्यांना नाहीतर वाळवी लागलेल्या चौकटीला लागतं. निदान नालीत ओतू नये. रोजच्या थेंबासाठी खाली पसरट भांडं ठेवावं. घरची परात नेमकी मापाची असते, पण त्यावर ‘अहो, मग कणीक काय बोनेटवर भिजवू?’ असा प्रश्न येतो, आणि त्याला यांत्रिकी उत्तर नाही.

थेंब कमी मात्र करता येतो. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे प्रेमापोटी ऑइल ओतू नये. घरं रस्त्यापेक्षा उंच जोत्यावर असल्याने रॅम्पवर सरळ चढवलेली गाडी नाक वर करून उभी राहते आणि बेअरिंगांतलं उरलेलं तेल मागच्या आट्यांकडे उतरतं. म्हणून गाडी उलटी, मागे घेत चढवावी. यात जाळीचा क्रोम दिवसभर रस्त्याकडे राहतो, हा वेगळा फायदा. स्टिअरिंग जड असल्याने मागे घेताना गल्लीतली पोरं मदतीला येतात आणि ‘येऊ द्या काका, येऊ द्या’ ओरडतात. त्यातलं शेवटचं ‘येऊ द्या’ ऐकू नये.