एकटेच आलात?

एकट्याने प्रवास करणं स्वस्त पडतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो कधी केलेला नसतो. खोली दोघांची असते, रिक्षा तिघांची आणि आंब्याची पेटी अख्ख्या बिऱ्हाडाची. पैसे मात्र एकट्याने मोजायचे आणि वर "एकटेच आलात?" या प्रश्नाला गावभर उत्तर देत फिरायचं. मुंबईत हा प्रश्न कोणी विचारत नाही. रत्नागिरीत एकटा पाहुणा दिसला की लोकांच्या डोक्यात तीन शक्यता येतात. तो औषध कंपनीचा प्रतिनिधी असेल, कोर्टाच्या तारखेला आला असेल, नाहीतर सातबाऱ्यावर नाव चढवायला. माणूस नुसता बघायला आलाय, तोही एप्रिलच्या उन्हात, ही चौथी शक्यता कोणाला सुचत नाही, आणि सांगितली तरी पटत नाही.

रात्रीच्या गाडीने गेलं की एका रात्रीचं लॉजभाडं वाचतं, हे काटकसरी प्रवाशाचं पहिलं सूत्र. म्हणून दादरहून मध्यरात्रीनंतर सुटणारी तुतारी एक्स्प्रेस धरली. या गाडीला केशवसुतांच्या कवितेचं नाव २०१७ मध्ये मिळालं. केशवसुत रत्नागिरीजवळच्याच मालगुंडचे, त्यामुळे कोकणात जाणाऱ्या गाडीला त्यांच्या कवितेचं नाव देणं रीतसरच. पण ज्याने ते सुचवलं त्याने जनरल डब्यातून प्रवास केलेला असावा, असा माझा संशय आहे. समाजाला जागं करू पाहणाऱ्या कवितेला त्या डब्याइतकं यश दुसरीकडे कुठे मिळालेलं नसेल. रात्रभर कोणाचाही डोळा लागला नाही.

कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग आजही एकेरी आहे. समोरून दुसरी गाडी येणार असली की आपली गाडी कुठल्याशा स्टेशनात बाजूला होऊन उभी राहते. याला क्रॉसिंग म्हणतात. त्या वेळात शेजारच्या काकांनी माझं गाव, पगार आणि मधुमेह इतकं विचारून घेतलं. पुढे उक्षी आणि भोके यांच्या मधला करबुडेचा बोगदा आला, साडेसहा किलोमीटर लांबीचा. फोनची रेंज गेली आणि डब्यातली सगळी संभाषणं एकदम तुटली. अख्ख्या प्रवासातली शांततेची मिनिटं तेवढीच. कोकण रेल्वेने ती तिकिटात धरलेली नाहीत, हा तिचा मोठेपणा.

रत्नागिरी स्टेशन गावात नाही, कुवारबावच्या बाजूला आहे. तिथून गावात जायला रिक्षा असतात. त्यांचं भाडं मीटरवर ठरत नाही; ते पाहुण्याच्या पाठीवरच्या बॅगेकडे बघून ठरतं. माझी बॅग जुनी, शिवण उसवलेली होती, त्यामुळे सुरुवातच खालच्या आकड्यापासून झाली. काटकसरी प्रवाशाने बॅग नवी घेऊ नये, हे दुसरं सूत्र.

लॉजच्या काउंटरवर मात्र बॅगेचा उपयोग झाला नाही.

"सिंगल रूम?"

"सिंगल नाही. डबलच आहे."

"पण मी एकटा आहे."

"पलंग दोन आहेत."

"मी एकावरच झोपणार."

"ते तुमच्यावर आहे," मालक म्हणाले, आणि रजिस्टर पुढे सरकवलं. त्यात 'येण्याचे कारण' असा रकाना होता. मी 'पर्यटन' लिहिलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. "म्हणजे काम काय?" काही काम नाही, फिरायला आलोय, म्हटल्यावर ते काळजीत पडले. आधार कार्डाची झेरॉक्स त्यांनी दोनदा निरखली आणि घरचा फोन नंबरही लिहून घेतला. भाडं दोघांचं गेलंय ही गोष्ट मनाला इतकी लागली की त्या रात्री मी अर्धी झोप एका पलंगावर काढली आणि अर्धी दुसऱ्यावर.

दुसऱ्या दिवशी थिबा पॅलेस बघितला आणि भाड्याचं दुःख जरा कमी झालं. रत्नागिरीत पाहुणा म्हणून तीस वर्षं राहिलेला माणूस म्हणजे ब्रह्मदेशाचा राजा थिबा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, त्याला राणी सुपयालतसह आधी मद्रासला नेलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याआधी दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याची रवानगी याच इंग्रजांनी रंगूनला केली होती. ज्याला जिथलं काही ठाऊक नाही तिथे त्याला पाठवायचं, ही त्यांची पर्यटन योजना दोन्ही बाजूंनी पक्की होती. थिबासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला. जांभ्या दगडाचा, उतरत्या छपरांचा, समोर भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र. प्रवास सरकारी खर्चाने, निवास सरकारी, नेमणूक सरकारी. तरी राजा सुखी नव्हता. १९१६ मध्ये तो इथेच वारला आणि त्याची समाधीही इथेच आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन त्या समाधीपुढे नतमस्तक व्हायला रत्नागिरीला येऊन गेले.

माझ्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसत होती. पण राजाकडे नसलेली एक वस्तू माझ्या खिशात होती: परतीचं तिकीट. वेटिंगमधलं का होईना.

या गावाचा इतिहासच असा आहे. लोकमान्य टिळक १८५६ मध्ये इथे टिळक आळीत जन्मले आणि दहाव्या वर्षी वडिलांच्या बदलीबरोबर पुण्याला गेले. सावरकरांना १९२४ मध्ये तुरुंगातून सोडलं ते जिल्ह्याबाहेर जायचं नाही या अटीवर, आणि ती अट १९३७ पर्यंत चालली. म्हणजे जे इथले, ते बाहेर पडले. जे बाहेरचे, त्यांना आणून ठेवलं. स्वखर्चाने आणि स्वखुशीने येणारा पाहुणा हा प्रकार रत्नागिरीला तसा नवा आहे. लॉजच्या मालकांचा संशय ऐतिहासिकदृष्ट्या बरोबर होता.

थिबा पॉइंटवर एकट्या माणसाला भरपूर काम मिळतं. त्याचे दोन्ही हात रिकामे असतात आणि हे सहकुटुंब आलेल्या लोकांना लांबूनच कळतं. "काका, एक फोटो काढाल?" सांगलीच्या कुटुंबाचा काढला, कोल्हापूरच्या दोन कुटुंबांचा काढला, एका नवविवाहित जोडप्याचा सूर्य तळहातावर धरलेला काढला. तो सूर्य तळहातावर येईना, त्यामुळे जोडप्यात पहिलं भांडण माझ्यासमोर झालं. मग त्यातल्या नवऱ्याने माझाही फोटो काढून दिला. त्यात खाडी आहे, नारळ आहेत, त्याचं बोट आहे, आणि कोपऱ्यात माझा एक कान आहे.

जेवणाच्या बाबतीत एकटेपण टिकतच नाही. दुपारी एकला खाणावळीत चार खुर्च्यांचं टेबल एकट्याला कोण देणार? मला दोन अनोळखी गृहस्थांसमोर बसवलं. सावरकरांनी याच गावात सहभोजनं घातली, सगळ्यांना खुलं असलेलं उपाहारगृह चालवलं, भागोजीशेठ कीर यांनी पैसा घातला आणि १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभं राहिलं. कोणी कोणाशेजारी बसावं यासाठी या गावात एवढी खटपट झालेली असताना मी टेबलाबद्दल कुरकुर करणं बरं दिसलं नसतं.

"सुरमई सांगू नका," समोरच्या गृहस्थांनी मी न विचारता सांगितलं. "ती मुंबईवाल्यांसाठी. बांगडा घ्या."

बांगड्याची थाळी सुरमईपेक्षा बरीच स्वस्त होती आणि कालवण असं की मी सोलकढीची तिसरी वाटी मागितली. तोवर दोघांनी माझी जात, नोकरी आणि मुलीच्या कॉलेजची शाखा काढून घेतली होती. ती शाखा चुकली आहे असं एकाचं मत पडलं. दुसऱ्याने विरोध केला. मी उठलो तेव्हाही माझ्या मुलीच्या भवितव्यावर त्यांची चर्चा चालू होती आणि माझी तिथे गरज नव्हती.

रत्नदुर्गावर पायी गेलो. रिक्षावाल्याने जाण्याचे, येण्याचे आणि थांबण्याचे असे तीन हिशेब सांगितले होते, त्यातला एकही मला झेपणारा नव्हता. घोड्याच्या नालेच्या आकाराचा हा किल्ला तीन बाजूंनी समुद्रात घुसलेला आहे. वर भगवतीचं देऊळ आणि दीपस्तंभ. एका बाजूला मिरकरवाड्याच्या होड्या, मांडवीची काळी वाळू. दुसऱ्या बाजूला पांढरी. वाटेत कोकम सरबत विकणाऱ्या आजींनी ग्लास हातात द्यायच्या आधीच विचारलं, "एकलेच आलाव? बायको रागावली काय?" नाही म्हटलं तर त्यांचा विश्वास बसला नाही. म्हणून हो म्हटलं. मग त्यांनी बसायला स्टूल दिलं.

रत्नागिरीला एप्रिलमध्ये जाऊन हापूस न खाता परत येणं शक्य नाही. पण तो विकत घेणं एकट्याला परवडतही नाही. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. भावाला मानांकनाची गरज कधीच नव्हती. बाजारात पेटीचा भाव सांगतात, फारच आग्रह केला तर डझनाचा. मी एक मागितला.

"एक डझन?"

"एक आंबा."

बागायतदार बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. एका आंब्याचा भाव त्यांच्या हिशेबात बसत नव्हता. शेवटी त्यांनी बाजूच्या डागी आंब्यांतून एक उचलून दिला. "डाग वरचा आहे. आतून सोनं आहे. एकाचे काय पैसे घ्यायचे?" मी मांडवीच्या जेटीवर बसून तो खाल्ला. पहिली फोड खरोखर सोनं होती. दुसरीत साका निघाला. फुकटच्या आंब्याबद्दल तक्रार करायला जागा नसते, हा त्यातला खरा तोटा.

गणपतीपुळ्याला आरेवारेमार्गे जाणारी एसटी धरली. खिडकीची जागा मिळाली, कारण बसमध्ये एकच जागा उरली होती आणि बाकीचे सगळे जोडीने होते. एकट्याचा हा निर्भेळ फायदा. कंडक्टर तिकिटं फाडत आला. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. बस बायकांनी आणि आजोबांनी भरलेली. माझ्या आसपास पूर्ण तिकीट काढणारा मी एकटाच. कंडक्टरने माझ्याकडे, एसटी महामंडळ माझ्याच जिवावर चाललंय, अशा आदराने पाहिलं. मग आरेवारेचा चढ आला आणि डाव्या हाताला समुद्र उघडला. अर्धं तिकीट, पूर्ण तिकीट, फुकट, सगळ्यांना सारखाच. बसमधल्या आजोबांनी मात्र तिकडे पाहिलं नाही. ते मला मुलं किती ते विचारत होते.

हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की खोली आणि रिक्षा यांत एकट्याला दुपटीचा भुर्दंड पडतो, पण खाण्यात आणि एसटीत तो बराचसा भरून निघतो. एकटेपणासाठी जाणार असाल, तर मात्र पैसे वाया जातील. रत्नागिरीत ती सोय नाही. गप्पांसाठी जाणार असाल, तर यापेक्षा स्वस्त गाव नाही. मे अखेरच्या आत जा, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि तोवर आंबाही संपत आलेला असतो. खिशात सुट्टे पैसे ठेवा. आणि परतीचं रेल्वे आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं. ते आधी काढा, खोलीचं नंतर बघा.