जर्सी अमर आहे, क्लबचं बघू

पलसाणा तालुक्यात फुटबॉलचं मैदान शोधायला निघालात तर मैदानाआधी धुराडी लागतील. जोळवा, तांतीथैया, कडोदरा, जिकडे बघावं तिकडे डाइंग-प्रिंटिंगच्या गिरण्या. अख्ख्या गुजरातचा इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, एक क्लब नाही. तरी पगारानंतरच्या रविवारी कडोदरा चार रस्त्यावर जरा उभे राहा. मँचेस्टर, माद्रिद, बार्सिलोना, लिव्हरपूल, सगळे वडापावच्या गाडीवर एकमेकांना खेटून उभे दिसतील. पाठीवर मेस्सी, नोकरी फोल्डिंग खात्यात, गाव अमळनेर नाहीतर शिरपूर.

मार्केटिंगवाल्यांच्या दृष्टीने यांच्याइतकं अवघड गिऱ्हाईक जगात नसेल. दुकानदार ज्याला 'घाम शोषणारं खास तंत्रज्ञान' म्हणतो ते पॉलिएस्टर आहे, हे यांना लेबल वाचून नाही, बोटांना कळतं. माझा भाचा डाइंगला आहे. सुरतच्या मॉलमध्ये त्याने युनायटेडची जर्सी दोन बोटांत धरली, उलटी केली, शिवण पाहिली आणि पोऱ्याला विचारलं, "मीटरचा भाव काय, भो?" पोऱ्याने किमतीची चिठ्ठी दाखवली. पाच हजारांच्या वर.

"मामा, यात कापड किती आणि भाव किती! बाकीचे पैसे कशाचे?"

"निष्ठेचे."

"निष्ठेवर पण जीएसटी लावलाय का?"

लावलाय. पुढच्या पगाराला त्याने तीच जर्सी घेतली आणि वर आठवडाभर क्लबच्या मालकांना शिव्या घातल्या. चार रस्त्यावर तशीच दिसणारी फर्स्ट कॉपी तीनशेला मिळते, हे त्याला ठाऊक आहे. पण ती घालणाऱ्याला तो चाहता मानत नाही, बाजारबुणगा मानतो.

वास्तविक निष्ठा म्हणजे काय हे सुरतेच्या कारागिराइतकं कुणाला कळणार? निवडणूक आली की एकाच पाळीत, एकाच यंत्रावर, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या पक्षांचे झेंडे निघतात. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलली, पॉलिएस्टरचा तिरंगा चालू लागला आणि २०२२ च्या 'हर घर तिरंगा'ला सुरतेच्या गिरण्यांनी देशभक्तीही ताक्याच्या हिशेबात रवाना केली. ज्याने हे सगळं हाताने रंगवलं, तोच माणूस परदेशातल्या अकरा जणांचा रंग बदलला म्हणून जेवण सोडतो. याला भाबडेपणा म्हणा, मी मोठेपणा म्हणतो. पैसे त्याचे जातात.

क्लबवाल्यांना हा मोठेपणा फार आधी कळला. एका मोसमाला तीन जर्स्या: घरची, बाहेरची आणि तिसरी. तिसरीचं अधिकृत कारण, समोरच्याशी रंग जुळला तर गोंधळ नको. हा गोंधळ टाळण्याची कला मँचेस्टर युनायटेडने १३ एप्रिल १९९६ ला साउदॅम्प्टनला जगाला दाखवली. बाहेरच्या सामन्यांसाठी त्यांनी राखाडी जर्सी काढली होती. जीन्सवर म्हणे छान दिसायची. मैदानावर मात्र दिसायचीच नाही. पहिल्या अर्ध्यात तीन गोल खाल्ल्यावर खेळाडू म्हणाले, आम्हाला आमचीच माणसं दिसत नाहीत. प्रशिक्षक फर्ग्युसनने मध्यंतरात सगळ्यांना निळ्या-पांढऱ्या जर्स्या चढवायला लावल्या. सामना ३-१ असा हरलेच. त्या राखाडीत संघाने एकही सामना जिंकला नाही. ती मोडीत निघाली आणि ज्यांनी पैसे मोजून घेतली होती त्यांना पुढची घेण्याचा हक्क मिळाला.

कार्डिफ सिटीचं तर आमच्या डाइंग मास्तरला सांगितलं तेव्हा तो खुर्चीत सरसावून बसला. पिढ्यान्‌पिढ्या निळ्या असलेल्या क्लबला २०१२ मध्ये मलेशियन मालकाने लाल केलं, कारण आशियात लाल शुभ. चाहते चिडले, मोर्चे निघाले. जानेवारी २०१५ मध्ये पुन्हा निळा. "म्हणजे रंगाई दोनदा!" मास्तर म्हणाला. "पार्टी चांगली आहे. उधारी किती दिवसांची ठेवतात?"

चाहते निषेध करत नाहीत असं नाही. २०१० मध्ये युनायटेडच्या चाहत्यांनी ग्लेझर मालकांविरुद्ध बंड पुकारलं. लाल टाकला, क्लबचं जुनं नाव न्यूटन हीथ होतं तेव्हाचे हिरवा आणि सोनेरी रंग गळ्यात घातले. बंडाचं हत्यार काय, तर विकत घेतलेला मफलर. मार्चमध्ये मिलानकडून खेळायला आलेल्या, युनायटेडच्याच जुन्या बेकहॅमनेही सामना संपल्यावर तो गळ्यात टाकला आणि बंडाला फुकटात मॉडेल मिळालं. गंमत अशी की हेच हिरवे-सोनेरी रंग क्लबने १९९२ मध्ये तिसरी जर्सी म्हणून स्वतःच विकले होते. दुकानदाराचा निषेध करायचा तर माल त्याच्याच जुन्या कॅटलॉगातला! ग्लेझर मात्र राहिले.

हे झालं साहेबाच्या देशातलं. तिथे निदान क्लब तरी जागेवर असतो. आपल्या महाराष्ट्रात क्लबवाले 'आयुष्यभराचं नातं' म्हणतात, तेव्हा कुणाचं आयुष्य ते विचारून घ्यावं. मुंबईचा महिंद्र युनायटेड २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता, २०१० ला बंद. पुण्याने तर क्लब पुरण्याचा उद्योगच काढला. पुणे एफसी गेला. भारत एफसी आय-लीगमध्ये एक मोसम टिकला. डीएसके शिवाजियन्स दोन मोसम. मग एफसी पुणे सिटी: हृतिक रोशन मालकांत, इटलीची फिओरेंतिना भागीदारीत, बालेवाडीत चाहत्यांची 'ऑरेंज आर्मी'. २०१४ ला जन्म, २०१९ ला पैशाच्या अडचणीत अंत. आयएसएलमधली ती जागा हैदराबादने घेतली, २०२१-२२ चा चषकही जिंकला, आणि २०२५ मध्ये तोही संघ दिल्लीला निघून गेला. पुण्याच्या चाहत्याजवळ राहिली नारंगी जर्सी. ती पॉलिएस्टरची असल्याने तिला काही झालेलं नाही.

मुंबई सिटीला २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी विकत घेतलं, तेव्हा अंधेरीच्या पोरांना वाटलं, आता आपण जागतिक. करंडकही आले. डिसेंबर २०२५ मध्ये लीगचंच भवितव्य लटकलेलं असताना मालक हिस्सा सोडून गेले. मामला धंद्याचा आहे, राग नाही. पण जाताना कुणी चाहत्याकडची जर्सी परत घेऊन पैसे दिले नाहीत. निष्ठा एकदा विकली की परत घेतली जात नाही, हा नियम कापड बाजारापेक्षा कडक आहे. आमच्याकडे डागी माल निदान परत तरी येतो.

गोव्याची कथा वेगळी. तिथे माल आला, माणूस आला नाही. २२ ऑक्टोबर २०२५ ला फातोर्ड्याला रोनाल्डोचा अल नस्र संघ आला, रोनाल्डो आलाच नाही. एफसी गोवा २-१ ने हरला, ब्रायसन फर्नांडिसने झकास गोल केला आणि एक चाहता सरळ मैदानात घुसून जुआंव फेलिक्सबरोबर सेल्फी काढून आला. रोनाल्डो नाही तर फेलिक्स. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जात नाही, ही त्याची जिद्द वाखाणली पाहिजे.

या सगळ्या धंद्याला एकच जागा पुरून उरते, ती कोल्हापूर. तिथले संघ म्हणजे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. तिथल्या पेठेतल्या पोराला निष्ठा दुकानातून आणावी लागत नाही, ती जन्मदाखल्याबरोबर येते. शाहू स्टेडियम भरवायला तिथे मार्केटिंगवाला लागत नाही. शांत ठेवायला पोलीस लागतात, तो भाग वेगळा.

क्लबमालकांना पलसाण्यातून एक विनंती. पुढचा क्लब काढाल तेव्हा जरूर काढा, तीनच काय, तेरा जर्स्या काढा, कापड आम्ही देऊ. फक्त ऑर्डरबरोबर क्लब किती वर्षं चालवणार ते लेखी द्या. आणि बंद करायच्या आधी उरलेला माल इकडे पाठवा. चिंधीला इथे किलोचा भाव आहे, आणि तो रोख मिळतो.